देवीला सोडलेले दाणे

शेंगदाणा माझ्या जिवावर उठलेला, आणि मी जन्मले ती खानदेशात. भाजीत कूट, चटणीत कूट, उपवासाला तर कूटच कूट. लहानपणी जळगावला मी मूठभर भाजके दाणे खाल्ले, तर ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं आणि घसा असा आवळला की आईनं देव पाण्यात ठेवले. वैद्यबुवा म्हणाले, "हिला दाणे सोसत नाहीत. पुन्हा चारू नका." एवढं सोपं वाक्य, पण कुणाला पटेल तर शपथ.

"नखरे आहेत," काकू म्हणायची. शेजारीण वाटी पुढं करून छातीठोक सांगायची, "दाणे नाहीत गं, नुसता कूट आहे." तिच्या मते दाणे कुटले की त्यांचा गुण बदलत असावा.

शेवटी आईनं युक्ती काढली. "पोरीनं नवस बोलून देवीला दाणे सोडलेत," असं ती सांगू लागली. झालं. आजाराला न जुमानणारे लोक नवसाला घाबरले. तीच शेजारीण माझ्यासाठी पळी वेगळी धुऊ लागली. मी मेले असते तर चाललं असतं, नवस मोडलेला चालला नसता.

लग्न ठरलं धुळ्याला. सासूबाईंनी विचारलं, "नवस कशासाठी?" आई पटकन बोलून गेली, "चांगलं सासर मिळावं म्हणून." सासूबाई खूश झाल्या. पुढचा विचार करून बोलायची आईला सवयच नव्हती.

लग्नाला वर्ष झालं. एका शुक्रवारी सासूबाईंनी दाण्यांचे लाडू वळले, देवीपुढं ठेवले आणि एक माझ्या हातावर दिला.

"चांगलं सासर भेटनं ना तुले? मंग नवस फेड."

खाल्ला तर जीव जाणार, नको म्हटलं तर सासर वाईट ठरणार आणि खरं सांगितलं तर आई खोटारडी. आईचा असा राग आला मला. पण जीव कुणाला नको असतो? लाडू खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ओठ, घसा, वैद्यबुवा, आईची थाप.

सासूबाईंनी तो लाडू उचलून परत ताटात ठेवला. त्यांना दाण्यांचं भारी वेड. दुपारी गुळाबरोबर मूठभर खाल्ल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. आता माहेरी धाडतात की काय, या भीतीनं मी पदर चावत उभी.

आधी सांगितलं असतं तर आपणही नखराच म्हटलं असतं, हे त्यांनी कबूल केलं. मग म्हणाल्या, "पन देवीसंगे खोटं बोलनी तुनी माय. आते कोनी तरी खरंखुरं सोडाले जोयजे."

त्यांनी हात धुतले, देवीपुढं दाण्यांवर पाणी सोडलं आणि लाडवांचं ताट, कुटाचा डबा, सगळं शेजारी पाठवून दिलं. मला रडू कोसळलं.

त्या घरात पुन्हा दाणा आला नाही. मरेपर्यंत सासूबाई दुपारी नुसता गूळ खात राहिल्या, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं माझ्या आईला शिव्या देत राहिल्या.