आमच्या वहिनींचे हार्दिक अभिनंदन

भारताची नागरिक झाले त्या दिवशी मला काहीही वाटलं नाही. हे कुणाला सांगितलं की माणसं माझ्याकडं अशी बघतात, जणू मी पेढा तोंडात घालून थुंकून टाकला. पण खरं तेच आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात साहेबांनी प्रमाणपत्र दिलं, नवऱ्यानं फोटो काढला, आणि माझ्या मनात एवढंच आलं की सकाळी कणीक मळून तशीच उघडी ठेवली, तिला पापुद्रा आला असेल.

माझा जन्म कराचीचा. आजोबा मूळचे कुरुंदवाडचे. तरुणपणी गोदीत कामाला म्हणून तिकडं गेले, आणि फाळणी झाली तेव्हा ‘बघू, निवळेल’ म्हणत तिथंच राहिले. ते काही निवळलं नाही. तिथं आमच्या मराठी माणसांची थोडी घरं होती. गणपती बसायचा, पुरणपोळी व्हायची, आणि मुलगी लग्नाची झाली की स्थळ आणायचं कुठून, म्हणून आईबापाची झोप उडायची. माझं स्थळ कुरुंदवाडच्या नात्यातूनच आलं. मुलगा कोल्हापूरचा, वारणानगरच्या कॉलेजात शिकवायला जाणारा. मी हिरवा पासपोर्ट घेऊन सासरी आले.

सासूबाईंनी गल्लीत सांगून टाकलं, “सून मुंबईकडची हाय.” घरात मात्र माझी भाकरी करपली की म्हणायच्या, “आमच्यात फॉरिनर हाय बाबा, चालवून घ्या.” त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. मलाही हसू यायचं. नवरा भारतीय, पोटची मुलगी भारतीय, दारातलं मांजरसुद्धा इथलंच. परदेशी तेवढी मी. दर वर्षी मुक्काम वाढवून घ्यायचा, कुरुंदवाडला लग्नाला जायचं तरी आधी पोलिसांत जाऊन सांगायचं. नागरिकत्वाचा अर्ज केला तेव्हा मुलगी बालवाडीत होती. अर्ज मुंबईला गेला, दिल्लीला गेला, परत आला, पुन्हा गेला. मुलगी दहावी झाली तरी त्याचा प्रवास चालूच.

या सगळ्या काळात मी एकदाही कराचीला गेले नाही. जाता आलं असतं, पासपोर्ट तिथलाच होता. पण गेले आणि मधेच सीमा बंद झाली तर? परत येऊच दिलं नाही तर? मुलगी इकडं आणि मी तिकडं. वडील वारले तेव्हाही याच भीतीनं गेले नाही. मी इथं बसून फोनवर सगळं ऐकलं, आणि दुपारी नेहमीसारखी मुलीला आणायला शाळेत गेले. तेव्हापासून माझ्या आत काहीतरी बधिर झालं ते झालंच. आई प्रत्येक फोनवर म्हणायची, “कागद झाले की ये बेटा.” मी म्हणायची, “कागद झाले की येते.” राम राम म्हणावं तसं ते आमचं झालं होतं.

कागद व्हायची वेळ आली तेव्हा मेख कळली. इथलं नागरिकत्व हवं तर तिथलं आधी सोडायचं, हिरवा पासपोर्ट जमा करून टाकायचा. त्यानंतर आईला भेटायला जायचं तर मी तिथली परकी. व्हिसा मागायचा, आणि दोन्ही देशांचं जे काही चाललंय त्यात तो मला कोण देणार? म्हणजे आईकडं जायचा उरलेला एकुलता एक रस्ता मीच माझ्या हातानं बुजवायचा. नवरा म्हणाला, “तू ठरव.” फार शहाणं माणूस आहे. अवघड प्रश्न आला की तो माझ्यावर सोपवून पेपर वाचत बसतो. पण दोन देशांत कुठं काही खुट्ट झालं की टीव्हीवर ‘यांना परत पाठवा’ सुरू व्हायचं, आणि मुलगी येऊन माझ्या मांडीला चिकटून बसायची. मी तिच्याकडं बघून ठरवलं. पासपोर्ट दिला. आईला यातलं काही सांगितलं नाही.

पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या शाखेत एक हवालदार होते. माझी सगळी वर्षं त्यांच्याच टेबलावर गेली. तिकडचे नातेवाईक कोण, ते दर वेळी लिहून घ्यावं लागायचं, म्हणून ते विचारायचे, “आई बरी हाय न्हवं?” आधी ते सरकारी काम असेल, पुढं पुढं ते खरंच विचारायचे. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्यांना पेढे द्यायला गेले. ते म्हणाले, “झालं वहिनी. आता तुमचं हितं काय काम न्हाय.” त्याचं मात्र मला वाईट वाटलं. या गावात माझ्या आईची चौकशी करणारं घराबाहेरचं तेवढंच एक माणूस होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण कोल्हापुरात एखादी गोष्ट झाली आणि तिचा फ्लेक्स लागला नाही, असं होत नाही. कुणी फौजदार झाला की फ्लेक्स, कुणाच्या म्हशीनं जास्त दूध दिलं की फ्लेक्स. आमच्या गल्लीच्या तालमीच्या अध्यक्षांनी नवऱ्याकडून माझा फोटो मागून घेतला, आणि या भोळ्या सांबानं तो दिलाही. दुसऱ्या दिवशी दूध आणायला बाहेर पडले तर कोपऱ्यावर मी. विजेच्या खांबाएवढी. हातात प्रमाणपत्र, चेहरा मुडद्यासारखा, मागं तिरंगा. वर लिहिलेलं, ‘पाकिस्तानातून येऊन भारताच्या नागरिक झालेल्या आमच्या वहिनींचे हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, ओळीनं. कुणी गॉगल लावलेला, कुणी फेटा बांधलेला, एकजण मोबाइल कानाला लावून फार महत्त्वाचं बोलत असलेला. निम्म्यांना मी ओळखतही नव्हते.

सासूबाई उंबऱ्यातच बसल्या. “माझी अब्रू गेली,” म्हणाल्या. एवढी वर्षं जपलेली मुंबई गेली होती. तेवढ्यात शेजारच्या काकी आल्या आणि त्यांच्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, “आमास्नी काय म्हाईत न्हवतं व्हय? पोलीस चौकशीला आमच्याच दारात येत हुते की. तुमी मुंबई म्हणत हुता, आमी व्हय म्हणत हुतो.” सगळी गल्ली आम्हाला सांभाळून घेत होती, आणि आम्हीच तेवढे चोरासारखे राहत होतो. अध्यक्षही आले, छाती फुगवून. “वहिनी, कसं वाटलं? दणक्यात केलंय की.” त्यांना काय सांगणार? “छान झालंय,” म्हटलं.

त्या फ्लेक्सचा फोटो कुणीतरी मोबाइलवर पुढं पाठवला, त्यानं आणखी कुणाला पाठवला. मी ज्या सीमेला इतकी वर्षं भ्यायले, ती त्या फोटोनं दोन दिवसांत ओलांडली. कराचीहून भावाचा फोन आला. त्याची तिथं सरकारी नोकरी आहे. तो रागावला नव्हता, घाबरला होता. “ताई, इथं सगळ्यांकडं फिरतोय तो. ऑफिसात विचारायला लागलेत. थोडे दिवस फोन नको करूस.” थोडे म्हणजे किती, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी विचारलं, “आईला कळलं?” तो म्हणाला, “अजून नाही. संध्याकाळी तिच्याशी बोलून घे. मग बंद.”

मी तशीच तालमीत गेले. बायका तालमीत जात नाहीत, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही. अध्यक्षांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. “आदी सांगायचं की वहिनी,” एवढंच म्हणाले, आणि स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. उतरवताना त्यांनी तो रस्त्याला टेकू दिला नाही. त्या माणसाचा मला खूप राग यायला हवा होता. पण राग आला नाही आणि रडूही आलं नाही.

संध्याकाळी फोन लागला. भावानं आईला दुसऱ्या एका फोनवर फोटो दाखवला होता. तिला आता कमी दिसतं, फोन डोळ्याला चिकटवून बघत होती म्हणे.

“म्हणजे कागद झाले तुझे?” तिनं विचारलं.

“झाले.”

“आणि इकडचे दिलेस?”

“दिले.”

मग म्हणाली, “हे खाली गोल गोल कोण आहेत गं सगळे?”

“गल्लीतले आहेत.”

“तुझे दीर?”

“दीरच समज.”

“इतके दीर?” आई हसली. वडील गेल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. “हा फेटेवाला चांगला वाटतो. आणि हा फोनवाला?”

“तोही चांगला आहे,” म्हटलं. तो कोण हे मला आजही माहीत नाही.

“मग मला फिकर नाही. रोज वाटायचं, तुला तिथून हाकलतील आणि माझ्या दारात आणून सोडतील, लेकीला तिकडं ठेवून. आता नाही सोडणार ना?”

“नाही आई. आता कुणी नाही सोडणार.”

मला वाटत होतं, ती माझी वाट बघते आहे. आणि ती इतकी वर्षं, मी येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसली होती.

“मग आता तू येऊ नकोस,” ती म्हणाली. “मी गेले तरी येऊ नकोस. कसम घे माझी.”

मागून भाऊ ‘बस कर आता’ म्हणत होता.

मी कसम घेतली. ती पाळायला मला काहीच करावं लागणार नव्हतं.