डागदराच्या कपाटातलं बटन

भूतबीत मी कंदी मानलंच न्हाई. माझं थोबाड बघून भूतच वाट बदलंल! मला लिवता येत न्हाई, म्हणून मी बोलतोय आन पोस्टमास्तर लिवत्यात.

बांगलादेशच्या लढाईनंतरचं साल. आमी कुसगावचे. बायको गवताचा भारा घेऊन डोंगर उतरताना डोक्यावर पडली, ती उठलीच न्हाई... श्वास चालू, बाकी लाकूड. लोणावळ्यात एका डागदराकडं फॉरेनच्या मशिनी होत्या, तिथं तिला ठिवलं. डोक्याला टोपी घालायची, पल्याड कागदावर सुया रेघा मारणार — मधी वायरच न्हाई, रेडिओगत! दंडाला बी एक डबी चिकटवलेली.

एक दिस दारात पाय ठेवला, तर हिचं उजवं बोट वर! नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, म्हणून चारचौघांत ही मला असंच बोट वर करून बोलवायची. मी शाना... थेट बाजारात. पेढे घेतले, अख्ख्या गावात वाटले. "बोलावलं रं मला!"

डागदर म्हणाले, "अहो, बोट तिनं नाही, मी उचललं. हे बटन दाबलं की दंडातली नस उडते."

दाबलं, बोट वर. सोडलं, खाली.

"आन डोक्याच्या रेघा?"

"जवळजवळ सपाट. घरी न्या तिला."

माझ्या डोक्याला टोपी घातली असती तरी तशाच आल्या असत्या.

डबी काढून तिला घरी आणलं. चौथ्या दिशी दुपारी चमच्यानं पाणी पाजत म्हणलं, "गावानं माझं नाव पेढेवाला ठेवलंय बघ." तर बोट वर! दंड मोकळा... डबी न्हाई, काय न्हाई. खाली आलं, परत वर.

मला वाटलं, डागदरानं तिकडं बटन दाबलं. सायकल काढली.

आई वराडली, "आरं मुडद्या, बस की तिच्यापाशी!"

"आलोच इचारून!"

डागदरानं कपाट उघडलं. बटन आत, डबी आत, सेल काढून ठिवलेले. "डबीशिवाय हे बटन काहीच करू शकत नाही हो."

"मग उचललं कुणी?"

डागदरानं कपाट लावून घेतलं.

परत आलो, तर आई दारातच बसलेली. "तू गेल्यावर बी बोट वरच हुतं रं. आत्ता पडलं... श्वासासंगं."

लय डागदरांना इचारलं. कोण म्हणतं नस आपोआप उडती, कोण म्हणतं भास. मला आजून उमगलं न्हाई. बायकोनं बोलावलं आन मी बटनाला इचारायला गेलो, यवढंच ठावं हाय.