ताट मी उचलले, हे मान्य आहे

जेवण संपले आणि मी माझे ताट उचलून उभा राहिलो.

काटा, सुरी, चमचा त्यातच आडवे ठेवले. बदकाच्या तंगडीचे हाड ताटात होते, ते घरंगळू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरले. दोन टेबले ओलांडून स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापर्यंत गेलोही. समोरून वाढणारी बाई आली. तिने ताट घेण्यासाठी हात पुढे केले. मी ते सोडेना. क्षणभर आम्ही दोघांनीही ते धरून ठेवले होते. तेव्हा कुठे मला कळले की मी काय करीत आहे.

मागे हसू उमटले. आम्हाला जेवायला बोलावणारे डॉक्टर शेजारच्या इंग्रज बाईंना समजावून सांगत होते, "त्यांच्या लोकांत अशी रीत आहे. आपले उष्टे आपणच उचलतात. सांगावे लागत नाही." हे ते इंग्रजीत म्हणाले. इंग्रजी मला येते. चौतीस वर्षे न्यायालयात नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा देवरीला. बाई म्हणाल्या, किती सुंदर. मग माझ्या मुलीकडे पाहून म्हणाल्या, हिच्यात हे कुठून आले ते आज कळले.

मुलगी मान खाली घालून बसली होती. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत थट्टा नव्हती. पुरावा हाती लागलेला माणूस कसा पाहतो, ते मी पुष्कळ वेळा जवळून पाहिले आहे.

हे इंग्लंडमधल्या एका शहरातील फ्रेंच पद्धतीच्या हॉटेलात घडले. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि बाहेर दिवस मावळू लागला होता. शहराचे, हॉटेलाचे, माणसांचे नाव मी येथे देत नाही. जिथे द्यायला हवे तिथे दिले आहे.

आता हे डॉक्टर कोण, ते सांगतो. गोंदिया जिल्ह्यात चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्यावर आमचे गाव आहे. डॉक्टर त्या गावच्या मालगुजारांचे, म्हणजे जुन्या जमीनदारांचे, नातू. त्यांचे थोरले भाऊ गावी शेती पाहतात. डॉक्टरांनी इंग्लंडात म्हाताऱ्यांना सांभाळणारी तीन निवासगृहे काढली आहेत. त्यांतल्या एकात माझी मुलगी परिचारिका आहे. नागपूरच्या एका एजन्सीमार्फत ती लागली. मालक कोण हे तिला रुजू झाल्यावर समजले, आणि तिने ते मला मी तिथे पोचल्यावर सांगितले. तिथे राहण्याचा तिचा परवाना मालकाच्या पत्रावर चालतो. पत्र थांबले की परवाना थांबतो.

मालगुजारांच्या घरी कार्य असले की अख्खे गाव जेवायला असे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी. इतरांनी जेवून पत्रावळ तिथेच सोडायची आणि उठायचे. आमच्या मोहल्ल्याने गोठ्यामागे बसायचे, जेवल्यावर आपली पत्रावळ आपण उचलायची, खालची जागा शेणाने सारवायची आणि उष्टे वेशीबाहेर नेऊन टाकायचे. मी आठ वर्षांचा असताना एकदा विसरलो. इतर मुले उठली तसा उठलो. माझ्या बापाने सगळ्यांसमोर माझ्या मुस्काटात मारली आणि ती पत्रावळ माझ्या हातात दिली. ओसरीवरून मालगुजार पाहत होते. त्यांना एक शब्दही बोलावा लागला नाही. डॉक्टर म्हणाले ते खरे आहे. सांगावे लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या आईची तेरवी झाली. आता मांडव होता, कॅटरर होता, स्टीलची ताटे होती. ती इतरांसाठी. आमच्या मोहल्ल्यासाठी कागदाच्या प्लेटा वेगळ्या काढल्या होत्या आणि त्या नेऊन टाकायची जागाही वेगळी दाखवली होती. मी प्लेट खुर्चीवर ठेवली आणि हात धुवायला गेलो. थोरल्या भावाने तीनशे माणसांदेखत मला माझ्या जातीचे नाव घेऊन हाक मारली आणि प्लेट उचलायला सांगितले. मी उचलली नाही. पुढे तो जे बोलला ते फिर्यादीत शब्दशः आहे. पोलिसांनी फिर्याद घेण्यासाठी मला सात पत्रे लिहावी लागली. सातही पत्रांची पोच माझ्याजवळ आहे. खटला गोंदियाच्या विशेष न्यायालयात उभा आहे.

असा मी माणूस. गावी प्लेट उचलली नाही म्हणून न्यायालयात गेलेला. आणि सातासमुद्रापार, कोणी भुवईही उंचावली नसताना, ताट घेऊन चालू लागलेला.

मुलीकडे मी तीन महिन्यांसाठी गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांचे निमंत्रण आले. मुलगी म्हणाली, नाही म्हणता येणार नाही. ते पहिले फ्रेंच हॉटेल नदीकाठच्या जुन्या गोदामात होते. फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ, पितळी दांडीवर पडदे, भिंतभर आरसे. डॉक्टर मला बाबूजी म्हणाले आणि खुर्ची ओढून दिली. त्यांनी लसूण-लोण्यातल्या गोगलगायी मागवल्या. त्या बारीक चिमट्याने कशा धरायच्या ते स्वतः दाखवले. इकडे याला फार मान आहे, म्हणाले. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया धानाच्या बांधीतून घोंघे वेचून आणत आणि शिजवत, तेव्हा मालगुजारांच्या घरच्या बायका नाकाला पदर लावून जात. तोच जीव, तीच चव. लसूण थोडी जास्त. मी खाल्ले.

दुसऱ्या रविवारी दुसरे हॉटेल. पूर्वी तिथे बँक होती म्हणे. कांद्याच्या सुपावर भाजलेले चीज तरंगत होते. डॉक्टरांनी गावाकडच्या धानाची, कालव्याच्या पाण्याची, माझ्या रक्तदाबाची चौकशी केली. मग सहज विचारल्यासारखे विचारले, तारखा किती लांब पडून राहिल्या? थोरल्या भावाची तब्येत बरी नसते म्हणाले. माझ्या मुलीचे काम चांगले आहे म्हणाले. ही दोन वाक्ये त्यांनी एकामागोमाग उच्चारली आणि मध्ये फक्त पावाचा तुकडा मोडला. मुलीचा चमचा सुपात तसाच थांबला.

तिच्या परवान्याचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे, हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून कळले.

तिसरा रविवार म्हणजे वर सांगितलेला. त्या दिवशी निवासगृहाच्या व्यवस्थापिका, त्याच इंग्रज बाई, याही बोलावल्या होत्या. त्या कशासाठी, हे ताटाचा प्रसंग झाल्यावर माझ्या ध्यानात आले. डॉक्टरांना चार माणसांत गोड बोलणे हवे होते. पुरावा मिळेल असे त्यांनाही वाटले नसावे. तो मी स्वतः पुरवला.

मी जागेवर येऊन बसलो. डॉक्टरांनी कोटातून लिफाफा काढला. आत तीन पानांचे प्रतिज्ञापत्र होते. मराठी नेमके, वकिली. घडलेला प्रकार गैरसमजातून झाला, खटला रद्द करण्यास फिर्यादीची हरकत नाही, असा उच्च न्यायालयात दाखल करण्याचा मसुदा. परिच्छेद चार मी दोनदा वाचला. जेवणानंतर आपले ताट आपण उचलणे ही आमच्या समाजाची पूर्वापार, स्वेच्छेची रीत असून त्यासाठी कोणीही कधीही सक्ती केलेली नाही.

डॉक्टर आमच्या बोलीत आले. आवाज मऊ, चेहरा हसरा, कारण समोर बाई चमच्याने पुडिंग खात होत्या आणि त्यांना एक अक्षर समजत नव्हते.

"तिकडं माह्या भावानं जबरदस्ती केली म्हणता. इथं कोणं केली, बाबूजी?"

मी ती तीन पाने घडी घालून लिफाफ्यात ठेवली. चौतीस वर्षांत अनेक साक्षीदारांना असे निरुत्तर होताना मी पाहिले होते. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहून मनात त्यांना खोटे ठरवले होते.

"पोरीचं पत्र माह्याच टेबलावर पडून हाय. मी कायले अडवू? तुमी सही करा, मी सही करतो. पुढच्या रविवारी जेवूनच देजा."

मग ते बाईंकडे वळले आणि कॉफी मागवली.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. मुलगी कामावर जाई आणि मी खिडकीपाशी प्रतिज्ञापत्र घेऊन बसे. बाहेर विटांच्या घरांची एकसारखी रांग. त्या रांगेतून एक राखाडी गाडी दोनदा हळू गेली. डॉक्टरांची होती की नव्हती, मला ठाऊक नाही. माणूस भ्यायला लागला की त्याला सगळ्या गाड्या ओळखीच्या वाटतात. बुधवारी मी पेनाचे टोपण काढले. एकुलती मुलगी. तिच्या शिक्षणासाठी तिच्या आईने जन्मभर बिड्या वळल्या आणि निकाल ऐकायला ती राहिली नाही. माझा खटला माझा आहे, तिचे आयुष्य तिचे आहे, असा युक्तिवाद मी स्वतःशीच केला. तो चांगला युक्तिवाद होता.

मुलगी आली तेव्हा पेन माझ्या हातात होते. तिने कोट काढला नाही. समोर बसली.

तिने जे सांगितले ते असे. निवासगृहात दुपारी कामगार एकत्र जेवतात. जेवण झाले की सगळे आपली ताटे टेबलावर ठेवून जातात. नंतर धुणारा माणूस येतो, ते त्याचे काम. रुजू झाल्या दिवसापासून ती सगळ्यांची ताटे उचलून मोरीत नेते. चौदा जणांची. कोणी सांगितले नव्हते.

"मले वाटे, मी चांगली हाय म्हणून उचलून राहिली," ती म्हणाली. "रविवारी तुमाले पाहिलं, बाबा. तवा समजलं मी काऊन उचलतो ते."

सोमवारी तिने फक्त आपले ताट टेबलावर ठेवले आणि उठली, इतरांसारखी. मंगळवारीही तसेच. बुधवारी व्यवस्थापिका बाईंनी तिला खोलीत बोलावून काळजीने विचारले, तुझी तब्येत बरी आहे ना?

तिला मी कधी पत्रावळ उचलायला लावली नव्हती. तिच्या मुस्काटात कधी मारली नव्हती. गोंदियात वाढलेली मुलगी ती, गोठ्यामागची जागा तिने पाहिलेलीही नाही. तरी ते तिच्या हातात उतरले होते. मी जेवून उठताना ती रोज माझ्याकडे पाहत असणार. घरात माझे ताट मी नेहमी स्वतः उचलले आणि त्याला स्वावलंबन म्हटले.

मी पेनाचे टोपण लावले. परवान्याचे काय, विचारले. ती म्हणाली, "सही केली तं मी इथं राहीन. पण मंग कोणाची नोकर म्हणून राहीन, ते बी लिहून ठेवा त्या कागदावर."

चौथ्या रविवारी आम्ही दोघे त्याच हॉटेलात गेलो. जेवायला बसलो नाही. मी प्रतिज्ञापत्र सहीविना परत दिले. सोबत माझे उत्तर दिले, एक पान, स्वच्छ अक्षरात: फिर्यादीस हा मसुदा नामंजूर आहे, आणि तो सही करवून घेण्यासाठी मुलीच्या नोकरीचा केलेला उल्लेख हा फिर्यादीवर आणलेला दबाव समजण्यात येत आहे. डॉक्टरांनी ते वाचले. टेबलावरचा पांढरा कपडा तळहाताने सरळ केला. प्रथमच बाबूजी म्हणाले नाहीत.

"तुह्या बापाले तुह्यापेक्षा अक्कल होती."

मी खिशातून वही काढली. वाक्य लिहिले, वेळ लिहिली, जागा लिहिली. त्यांना वाचून दाखवले आणि बरोबर लिहिले आहे ना, असे विचारले. ते मेनू पाहू लागले.

अकराव्या दिवशी मुलीला पत्र आले. निवासगृहाला तिची आवश्यकता उरली नव्हती. नियमाप्रमाणे तिला साठ दिवस मिळतात. त्यांत दुसरा मालक मिळाला तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. हे लिहीत असताना त्यांतले बावीस गेले आहेत. दुसरा मालक मिळालेला नाही.

तीन महिने पुरे न करताच मी गोंदियाला परतलो आहे. गावी गेलो की दोन-चार माणसे समजवायला येतात. आपसात मिटवून टाका म्हणतात, पोरीकडे पहा म्हणतात. संध्याकाळी थोरल्या भावाचा ट्रॅक्टर तिथल्या माझ्या दारासमोर येतो, इंजिन चालू ठेवून काही वेळ उभा राहतो आणि निघून जातो. कोणी उतरत नाही. मी प्रत्येक वेळ नोंदवतो आणि दर सोमवारी पोलीस ठाण्यात अर्ज देतो. ठाणेदार अर्ज घेतात. माझ्याकडे पाहत नाहीत.

उलटतपासणीत मला काय विचारले जाईल, ते मला ठाऊक आहे. इंग्लंडात आपण स्वतःहून ताट उचलले, हे खरे आहे काय? कदाचित व्यवस्थापिका बाईंचे पत्रही पुढे येईल. म्हणून मी त्यांच्या वकिलाची वाट पाहणार नाही. सरकारी वकिलांना लेखी कळवले आहे की हा प्रसंग माझ्या सरतपासणीतच, त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांत, माझ्या तोंडून, नोंदीवर यावा. त्यांनी फोन करून म्हटले, याने केस कमजोर होईल. मी म्हटले, हीच केस आहे.

मी शपथेवर सांगेन की होय, उचलले. कोणी सांगितले नव्हते. आठव्या वर्षी शिकवले होते आणि अडुसष्टाव्या वर्षापर्यंत ते पुरले, माझ्या मुलीपर्यंत पुरले. ज्या सक्तीला सक्ती करणारा समोर लागत नाही, ती किती जुनी आणि किती पुरी असेल, ते न्यायालयाने मोजावे.

दबावाची दुसरी फिर्याद मी दाखल केली आहे. तिच्यात साक्षीदार माझी मुलगी आहे. परवाना राहो की जावो, ती साक्षीला येणार आहे; तसे तिने स्वतःच्या सहीने कळवले आहे. तडजोड होणार नाही. आज नाही, उच्च न्यायालयात नाही, माझ्या मागेही नाही. मूळ खटल्यात माझ्या साक्षीची पहिली तारीख लागली आहे. त्या दिवशी पुकारा होईल तेव्हा मी दारात उभा असेन.