डोक्यावरची पिशवी

होडीतून उतरताना आमच्याकडे गुडघाभर पाणी लागतं. आम्ही कपडे सावरतो; शेजारचे निवृत्त सुभेदार तात्या मात्र बाजाराची पिशवी दोन्ही हातांनी डोक्यावर धरतात. लढाईत ते एका बेटावर असेच उतरले होते, डोक्यावर बंदूक धरून.

"तात्या, बंदूक कधी भिजली नाही?" काल मी विचारलं.

"एकदाच. बेटावरची एक बाई गोळीबाराला भिऊन गळ्याएवढ्या पाण्यात शिरली होती. कडेवरचं लेकरू बुडायला लागलं. हात दोनच, मग बंदूक पाठीला लावली आणि लेकरू डोक्यावर धरलं."

"आणि बंदूक कोरडी ठेवायचा हुकूम?"

"तो बंदुकीसोबत भिजला."

तात्या पुढे चालू लागले. पिशवीत असतील चार कांदे, पण ती त्यांनी किती जपून धरली होती! इतकी वर्षं मला तिच्या जागी बंदूकच दिसत आली होती.