क्रेनवरचा हार

आमच्या गल्लीत पक्ष कुणाचाही असो, हार खाजामियाँचाच. पूर्वी तो झेंडूचे हार करायचा, माणसाच्या गळ्यात बसतील एवढे. मग पुढारी मोठे झाले की त्यांचे गळे, देव जाणे, पण हार क्रेनला टांगायची पद्धत आली. जाळीत सफरचंदं नाहीतर मोसंब्या भरायच्या, दोराला आवळायच्या आणि साहेब आले की वर उचलायच्या. साहेबांच्या गळ्यात तो हार कधीच पडत नाही. फोटो निघतो आणि लोक फळं ओरबाडून नेतात. माझं शिलाईचं दुकान त्याच्या शेजारीच, त्यामुळे हा तमाशा बघून बघून मला वीट आलाय.

खाजामियाँ मात्र नुसता हारवाला नव्हता, पक्षाचा माणूस होता. तरुणपणापासून त्यानं भिंती रंगवल्या, सतरंज्या अंथरल्या. पक्ष फुटला तेव्हा अर्धी गल्ली तिकडं गेली, हा जागेवरून हलला नाही. यंदा नगरपालिकेला आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव सुटला आणि त्याच्या सुनेचं, रुबीनाचं नाव पुढं आलं. पोरगी अंबाजोगाईला शिकलेली, बोलायला धीट. नळाला पाणी कधी येणार हे बायका तिलाच विचारायच्या, कारण पालिकेत जाऊन भांडायची ती. ही निवडून यावी असं मलाही मनापासून वाटत होतं, आणि मला हल्ली असं काही फारसं वाटत नाही.

एके दिवशी शहराध्यक्ष बंकटराव स्वतः दुकानात आले.

"खाजाभाई, सभेला हार दणकेबाज पायजे. सायेब भाषणात उमेदवारांची नावं घेणार हायेत. काय समजायचं ते समजून घ्या."

खाजामियाँनं समजून घेतलं. मजुरीला हात लावायला तयार होईना. "घरचं कार्य हाय," म्हणाला.

"अहो, आधी तिकीट तर पडू द्या पदरात," मी वैतागून म्हणालो.

"मास्टर, तुमी लई शंका काढता," तो हसला. घरात लग्न असल्यासारखा हसत होता, म्हणून मी माझ्या दुकानात परतलो.

सभेच्या दिवशी साहेबांची गाडी मांजरसुंब्याहून निघाल्याचा फोन आला आणि क्रेननं हार उचलला. असा हार वाऱ्यानं झुलू नये म्हणून खालून एक दोर धरून ठेवावा लागतो. ते काम खाजामियाँ दुसऱ्या कुणाला देत नसे. रुबीना बायकांमध्ये पहिल्या रांगेत बसली होती. मी क्रेनजवळ उभा होतो.

साहेब आले, वर पाहून खूश झाले. "असा हार अख्ख्या जिल्ह्यात कुणी बांधत नाही. खाजामियाँ, कुठं आहात? हात वर करा!"

दोन्ही हात दोरात गुंतलेले. सोडले तर अख्खा हार लोकांच्या डोक्यावर झुलला असता. त्यानं नुसती मान हलवली. टाळ्या पडल्या. रुबीनाही टाळ्या वाजवत होती.

मग साहेबांनी नावं वाचायला घेतली. आमच्या प्रभागाला नाव आलं ते एका माजी नगरसेवकाच्या बायकोचं. नवरा-बायको दोघं त्याच दिवशी सकाळी तिकडून इकडं आले होते. फटाके वाजले. रुबीनाचे हात मांडीवर तसेच राहिले. माझ्या तोंडात शिवी आली होती, पण कुणाला देणार?

भाषण संपेपर्यंत खाजामियाँ दोर धरून उभा होता. हार खाली आला, लोक फळांवर तुटून पडले. बंकटराव गर्दीतून वाट काढत आले, त्यांच्या मागं रुबीना येत होती.

"नाराज होऊ नका खाजाभाई. वरून नाव आलं, आमच्या हातात काय न्हाई. निकालाच्या दिवशी ताईंच्या मिरवणुकीला याहून मोठा हार लागल, तुमीच बांधायचा."

आता तरी हा माणूस दोन शब्द सुनावेल म्हणून मी वाट पाहिली. खाजामियाँनं वळ उठलेले तळवे सदऱ्याला पुसले.

"कोन्त्या फळाचा बांधू?" त्यानं विचारलं.

रुबीनानं ते ऐकलं. ती सासऱ्यासाठी थांबली नाही, एकटीच घराकडं निघाली.