जिभाऊंची तुळई

जिभाऊ कोणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी छताकडे बघायचे. मुलीसाठी स्थळ बघायला गेले, तेव्हाही पोह्यांची बशी हातात धरून छताच्या कड्या न्याहाळत बसले, आणि मुलाचं नाव काय ते घरी येऊन बायकोला विचारलं.

त्यांचं घर आमच्या शेजारी, तापीकाठच्या गावात. धाब्याचं: जाड मातीच्या भिंती, वर सागाच्या आडव्या कड्या आणि त्यांवर दाबून बसवलेली पांढरी माती. हा सगळा भार एका लांब तुळईवर. ती त्यांच्या आजोबांनी धडगावकडच्या डोंगरातून आणलेली, दोन बैलगाड्या मागेपुढे जोडून; घाटाच्या वळणांवर मागचं टोक माणसांनी खांद्यावर तोललं होतं. जिभाऊ हे सांगताना स्वतःचा खांदा चोळत.

वाटणीत मधोमध भिंत उठली, अर्धं घर धाकट्या भावाकडे गेलं; तुळई मात्र भिंतीवरून सलग राहिली. जिभाऊ हसून म्हणाले, "भित खाले शे. वर आम्ही एकच शेतस."

मुलगी सासरी गेली, बायको वारली, भाऊही गेला. मग पुतण्या संजूने आपल्या अर्ध्यात स्लॅब टाकायचं ठरवलं. त्यासाठी तुळई भिंतीपाशी कापावी लागणार होती. संजू माझा विद्यार्थी, म्हणून जिभाऊंनी मला बोलायला पाठवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पोरेस्ना आंगवर रोज माती पडस, सर. मी काय करू?"

दोघांचंही खरं होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

कापायच्या दिवशी जिभाऊ ओट्यावर बसून होते. करवत थांबली तेव्हा मला एवढंच म्हणाले, "आते मन्ही बाजू कशावर ऱ्हाई, भाऊ?"

संजूने कापल्या टोकाखाली लोखंडी खांब दिला, अगदी मनापासून. तरी जिभाऊंच्या बाजूच्या कड्या सरकल्या, माती ढासळू लागली. शेवटी जिभाऊंची खाट पुतण्याच्या नव्या खोलीत आली. संजूची बायको वेळेवर गरम भाकरी वाढायची. तक्रारीला जागाच नव्हती, आणि तेच मला सोसवत नसे.

शेवटच्या आजारात भेटायला गेलो. सवयीने त्यांची नजर वर गेली. पांढरं सपाट छत, मध्ये पंखा. बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं, "भाऊ, आठे वर काय देखू?"

मीही वर बघितलं. त्यांना दाखवण्यासारखं काही सापडेना.