अठरा टेप

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं जगभरच्या फलंदाजांच्या तोंडचं पाणी पळवत होता. पेपरवाले त्याला 'तोफखाना' म्हणायचे. आम्ही बारक्या म्हणायचो, अजूनही म्हणतो. सहा फूट तीन इंचांचा हा गडी झुरळ दिसलं की आमच्या कटिंगच्या टेबलावर चढतो. त्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो तो याच्याच कृपेने.

आमचं शिवणकामाचं दुकान. बाबा माप घ्यायचे आणि कापड कापायचे. मी शिवायची, काज-बटण करायची आणि गिऱ्हाइकांना "उद्या नक्की" असं सांगायची. बाबांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. "चाळीस वर्षांत एक माप चुकलं नाही," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडायचंच. आणि त्यांचा नियमही एकच: ज्या टेपने अंग मोजलं, त्याच टेपने कापड मोजायचं. टेप बदलली की घोटाळा झालाच म्हणून समजा.

दुकानामागे मोकळं मैदान होतं. तिथे पंधरा वर्षांचा बारक्या चेंडू टाकायचा. कधी दहा पावलं धावायचा, कधी तीस, आणि चेंडू जिकडे जाईल ती दिशा आपली म्हणायचा. एकदा तो खिडकीतून थेट अस्तराच्या गठ्ठ्यावर आला. बाबा गळ्यात टेप तशीच घेऊन बाहेर धावले.

"अरे, पळायला काही माप आहे की नाही?"

मग त्यांनी त्याला डोळे मिटून वीस-पंचवीस वेळा धावायला लावलं. पाय सारखा जिथे पडत होता तिथे खडूने खूण केली आणि जमिनीवर टेप टाकत टाकत अंतर मोजलं. बरोब्बर अठरा टेप. "हे तुझं माप," बाबा म्हणाले आणि ती टेप त्यालाच देऊन टाकली. तेव्हापासून बारक्या प्रत्येक मैदानावर उकिडवा बसून अठरा वेळा टेप टाकायचा. समोरचे खिदळायचे. पहिला चेंडू कानाजवळून गेला की खिदळणं बंद.

पुढे तो देशाच्या संघात निवडला गेला. त्याच वर्षी बाबांनी मला कापड कापायला शिकवायला घेतलं होतं, त्यामुळे मी जरा हवेतच होते. बारक्याची बॅग भरताना ती जुनी टेप हाती लागली. आकडे पुसट, कडांचे धागे निघालेले. म्हटलं, सगळं जग टीव्हीवर बघणार आणि हा असल्या चिंधीने मैदान मोजणार? मी ती बटणांच्या खणात टाकली आणि बॅगेत नवी कोरी टेप ठेवली, डबीवर त्याचं नाव लिहून.

पहिला सामना परदेशात. आम्ही दुकानात टीव्ही लावून बसलेलो. बारक्याने पहिल्याच दिवशी अकरा नो-बॉल टाकले. दोन फलंदाज त्रिफळाचीत झाले, पण अंपायरचा हात आडवा. सरावात रेषेकडे कुणी फारसं बघत नाही, त्यामुळे आधी काही कळलंच नव्हतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

"ताई, कोच म्हणतात दीड फूट मागून धाव. मी म्हटलं, माप बाबांचं आहे, ते चुकत नाही. माझा पायच चुकतोय. उद्या सकाळी जमलं नाही तर पुढच्या सामन्यात मी नाही."

त्याला थांबायला सांगून मी खण उघडला. जुनी टेप काढून माझ्या टेपशेजारी टेबलावर अंथरली. बारक्याला दिली तेव्हाच ती बाबांच्या हातात वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणलेली होती. साठ इंचांची टेप एकसष्टची झाली होती. अठरा टेपांना अठरा इंच. दीड फूट!

बाबा मागे उभे होते. त्यांनी दोन्ही टेपा पाहिल्या, माझा चेहरा पाहिला. आता आभाळ कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बारक्या, नवी टेप मीच ठेवली होती बॅगेत. जुनी ताणलेली, ध्यानातच राहिलं नाही माझ्या. दर टेपमागे एक इंच वाढव. हो रे, माझंच चुकलं."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच षटकात मधला स्टंप उडाला. त्या डावात पाच बळी. पुढची अकरा वर्षं काय झालं ते पेपरात आहे.

पण "चाळीस वर्षांत एक माप चुकलं नाही" हे वाक्य त्या दिवसापासून दुकानात कधी ऐकू आलं नाही. उलट बारक्या प्रत्येक मुलाखतीत हसत सांगायचा, "बाबांचं आयुष्यात एकच माप चुकलं, ते माझं." लोक हसायचे, बाबाही हसायचे. मी मान खाली घालून मशीन जोरात चालवायची. खरं बोलायचं धाडस काही होत नव्हतं.

गेल्या महिन्यात बारक्या निवृत्त झाला. सत्काराच्या कोटासाठी बाबा त्याचं माप घेत होते, आणि गिऱ्हाइकांसमोर बारक्यासाहेबांनी पुन्हा तीच गोष्ट सुरू केली. मला राहवलं नाही. मशीन थांबवून म्हटलं, "बाबांचं काही चुकलं नव्हतं. टेप मी बदलली होती."

बाबा खडू शोधायला लागले. खडू त्यांच्या कानावरच होता.

"माहितीये," बारक्या म्हणाला. "डबीवर तुझंच अक्षर होतं की."

"मग अकरा वर्षं हे काय लावलंयस?"

"बाबांनी बजावलं होतं. म्हणाले, ती आत्ता कुठे कापायला शिकतेय. चूक तिची ठरली तर पुन्हा कात्रीला हात लावणार नाही. माझी काय, चाळीस वर्षं झालीत."

माझे डोळे भरून आले. आज दुकानातलं सगळं कापड मीच कापते.

"पुरे झालं," बाबा करवादले. "हात वर कर." त्यांनी बारक्याची छाती मोजली, आकडा सांगितला आणि कात्री माझ्याकडे सरकवली.

मी नाक पुसलं आणि विचारलं, "कुठल्या टेपने?"